अण्णांची ॲटलस, क्रँकचा आवाज आणि एकवीस दिवस

22 सप्टेंबर 2024, रविवार

सायकल वडिलांची, म्हणजे अण्णांची. 1983 साली घेतलेली काळी ॲटलस, चोवीस इंची, रॉडचे ब्रेक, अर्धं चेनकव्हर. दापोडीहून हॅरिस पुलावरून खडकीच्या फॅक्टरीत ते निवृत्त होईपर्यंत हिच्यावरूनच गेले. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, तरी भाजी आणायला हीच लागते. गणपतीच्या आधीपासून डावं पायडल खाली जाताना ‘कट’ असा आवाज येत होता. विसर्जनानंतर तो प्रत्येक फेऱ्याला यायला लागला. परवा पुलाच्या चढावर पायाखालचं पायडल क्षणभर निसटल्यासारखं झालं, म्हणून अण्णा उतरले आणि घरापर्यंत सायकल हातात धरून आले.

दुकानात टाकली तर एका दिवसात मिळेल हे माहीत आहे. पण गेल्या चार वर्षांत दोनदा टाकली आणि दोन्ही वेळा सहा-आठ महिन्यांत आवाज परत आला. यावेळी आत नेमकं काय झालंय ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे. दसरा 12 ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी सायकल पूजेला उभी राहिली पाहिजे, एवढी मुदत ठरवली.

पहिली चूक आजच झाली. आवाज डाव्या बाजूने येतो म्हणून पायडलच खराब असणार असं धरलं आणि नवी जोडी आणून बसवली. 180 रुपये आणि एक तास. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे मात्र ठाऊक होतं.) आवाज जसाच्या तसा.

संध्याकाळी अण्णांनी एक साधी परीक्षा सांगितली, ती आधी केली असती तर पैसे वाचले असते. क्रँक म्हणजे पायडल जिच्या टोकाला असतं ती दांडी. दोन्ही क्रँकची टोकं दोन हातांत धरायची आणि फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवायची. एकच क्रँक हलली तर तिची कॉटर पिन सैल, म्हणजे तिला एक्सलवर (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) पक्की धरणारी पाचर. दोन्ही एकत्र हलल्या तर आतल्या कपात (एक्सलच्या दोन्ही बाजूंना फ्रेममध्ये बसणाऱ्या वाट्यांत) आणि त्यांतल्या छऱ्यांत ढिलाई. आमच्याकडे दोन्ही हलल्या, चांगल्या दोन-अडीच मिलिमीटर. शिवाय डावी थोडी जास्तच हलली, म्हणजे तिची पिनही गेलेली. दोन्ही दुखणी एकदम.

24 सप्टेंबर, मंगळवार

दोन्ही कॉटर पिनांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला. काल आणि आज, सकाळ-संध्याकाळ. यात घाई करण्यासारखं काही नाही.

27 सप्टेंबर, शुक्रवार रात्र

उजवी पिन निघाली, डावी अडकली. दोन्हींत फरक काय केला ते नीट लिहितो, कारण या सगळ्या कामात लोक इथेच हरतात.

उजव्या बाजूला घाई केली नाही. क्रँक आडवी केली म्हणजे पिन उभी येते. तिचं आट्यांचं टोक वर ठेवलं. खाली जमिनीपासून क्रँकपर्यंत बरोबर पोचेल एवढा अर्ध्या इंची पाण्याच्या पाइपचा तुकडा कापून उभा केला. पिनचं जाड टोक त्या पाइपाच्या भोकात उतरतं आणि हातोडीचा घाव जमिनीवर जातो. हा आधार नसेल तर तोच घाव एक्सलमधून छऱ्यांवर आणि कपावर बसतो, आणि चांगल्या कपातही खड्डे पाडतो. नट पूर्ण काढला नाही. पिनच्या टोकाशी सपाट येईल इतपतच सैल केला, म्हणजे आटे चेंगरत नाहीत. मग एक किलोच्या हातोडीने एकच घाव, पण पूर्ण ताकदीचा. पिन सुटली.

डाव्या बाजूला तोवर रात्रीचे दहा वाजले होते. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून हळूहळू ठोकत बसलो. वीस-पंचवीस हलके घाव. हलक्या घावांनी पिन सुटत नाही, तिचं टोक मात्र पसरतं. नट तिरका झाला, आटे वाकले आणि पिन जागची हलली नाही. आवाज होणारं काम दिवसा करावं आणि एकदाच करावं.

28 सप्टेंबर, शनिवार

वाकलेलं टोक हॅकसॉने क्रँकच्या सपाटीला कापलं. मधोमध पंचची खूण केली आणि 6 मिलिमीटरच्या ड्रिलने सरळ खाली भोक पाडलं. पहिलं ड्रिल तिरकं धरल्यामुळे तुटलं. दुसऱ्या वेळी दर थोड्या वेळाने तेल सोडत, कमी वेगाने गेलो. पोटातून पोकळ झाली की पिनची पकड सैल होते. मग टोक सपाट केलेला जुना बोल्ट वर ठेवून, खाली पाइपाचा आधार देऊन दोन घाव घातले आणि ती निघाली. चार तास गेले. क्रँकचं भोक तपासलं. ड्रिल आतल्या भिंतीला कुठेही लागलं नव्हतं, हे नशीब. तिथे चरा पडला असता तर क्रँकच बदलावी लागली असती.

29 सप्टेंबर, रविवार

डावा कप खोलला. बाहेरची लॉकरिंग, म्हणजे कप जागेवर धरणारी कडी, आधी छिन्नीने खाचेत ठोकून सोडवायला निघालो होतो, पण अण्णांनी थांबवलं. बोपोडीतल्या सायकल दुकानातल्या मामांकडून सी-पाना (लॉकरिंगच्या खाचेत अडकणारा पाना) मागून आणला. लॉकरिंग आणि डावा कप, दोन्हींचे आटे नेहमीचे. पान्याने एका झटक्यात सुटले.

खाली परात ठेवली होती, हे बरं झालं. कप बाहेर येताच छरे घरंगळले आणि त्यांच्यामागे काळा चिखल आला. ग्रीस नावालाही नव्हतं. गंजाचं पाणी, वाळू आणि तेलाचा चिकटा, एवढंच. फ्रेमच्या तळाशी तेल घालायच्या भोकावरचं टोपण कधी पडलं कुणाला ठाऊक. पुढच्या चाकाने उडवलेलं पावसाचं पाणी तिथून थेट आत जात होतं. सीटच्या नळीतूनही गंजाचे पापुद्रे उतरलेले दिसले.

डाव्या बाजूला नऊ अख्खे छरे आणि एकाचे दोन तुकडे. उजवीकडे अकरा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा हवेत, पाव इंची, म्हणजे दुकानाच्या भाषेत दोन सुताचे. सगळे डिझेलमध्ये धुऊन व्हर्नियरने मोजले. नवा छरा 6.35 मिलिमीटर असतो. यातले काही 6.34 भरले आणि काही 6.25. म्हणजे मागच्या दुरुस्तीत जेवढे फुटलेले दिसले तेवढेच बदलले होते आणि बाकीचे जुनेच आत गेले होते. अशा मिसळीत सगळा भार मोठ्या छऱ्यांवर येतो आणि तेच आधी फुटतात. सहा-आठ महिन्यांत आवाज का परतायचा, त्याचं अर्धं उत्तर परातीत होतं.

उरलेलं अर्धं एक्सलवर आणि कपांत. पुसून उन्हात धरलं. ज्या पट्ट्यावर छरे धावतात तो आरशासारखा हवा. एक्सलच्या उजव्या बाजूला एकाच ठिकाणी पत्रा सोलल्यासारखा खड्डा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. डाव्या कपात गोल चर पडलीय. उजवा कप फ्रेममध्येच होता, म्हणून बॉलपेनचं टोक त्याच्या आतल्या पट्ट्यावरून फिरवलं. तीन ठिकाणी अडकलं. जिथे पेन अडकतं तिथे खड्डा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. अशा कपात नवे छरे घालणं म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर नवे टायर घेऊन जाणं. छरे नुसते बदलले तर आवाज काही दिवस दबतो, कारण ग्रीस ताजं असतं. मागच्या दोन्ही वेळांना हेच झालं असणार.

ठरलं: एक्सल, दोन्ही कप, छरे आणि पिना सगळं नवं. म्हणजे उजवा कपही काढावा लागणार.

2 ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंतीची सुट्टी, पूर्ण दिवस हातात होता आणि तो मी चुकीच्या दिशेने घालवला.

उजव्या कपाला बाहेरून दोन सपाट बाजू असतात. त्यावर पाइप-पाना लावून नेहमीसारखं डावीकडे फिरवत राहिलो. पायडलमध्ये डावं उलटं आणि उजवं सरळ, तेव्हा इथेही उजवं सरळच असणार, असा माझा हिशोब. पान्याला तीन फुटी पाइप अडकवून जोर लावला. कप तसूभरही हलला नाही आणि सपाट बाजूंचे कोपरे घासून गोल झाले. दोन तास ठोकाठोक केली, स्प्रे मारला, परत तेच.

दुपारी सी-पाना परत करायला मामांकडे गेलो तेव्हा सहज विषय काढला. ते म्हणाले, “उजव्या कपाचे आटे उलटे. तू घट्ट करत होतास रे. बंद करायला फिरवतो तसा फिरव, सुटेल.” पायडलच्या बरोबर विरुद्ध: पायडलला डावी बाजू उलटी, कपाला उजवी. कुणी पहिल्यांदा करत असेल तर खडूने फ्रेमवर बाण काढून ठेवावा. मी आता काढलाय.

कप व्हाईसमध्ये सपाट बाजूंनी आवळायचा आणि फ्रेमच फिरवायची, ही सोपी रीत. फ्रेम एवढी लांब की जोर आपोआप मिळतो. गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडे मोठा व्हाईस आहे, चाकं काढून फ्रेम तिथे नेली. पण मी कोपरे आधीच गोल करून ठेवले होते. दोनदा सटकला. दुसऱ्यांदा माझी बोटं थोडक्यात वाचली. तिथेच थांबलो.

3 ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

संध्याकाळी मामांनी सांगितलेला दुसरा उपाय केला. काल बोहरी आळीतून 16 मिलिमीटरचा बोल्ट, नट आणि चार जाड वॉशर आणून ठेवले होते, 95 रुपये. बोल्ट उजवीकडून बाहेरून वॉशरसकट कपाच्या भोकात घातला. आतून वॉशर आणि नट. डाव्या बाजूच्या रिकाम्या नळीतून बॉक्स-पाना घालून तो नट धरला आणि बाहेरून बोल्टचं डोकं आवळत गेलो. वॉशरच्या मध्ये कप चेपला गेला की पुढचा जोर कपावरच येतो. आणि बोल्ट आवळायची दिशा हीच या कपाची सुटायची दिशा, म्हणून पाना सैल होण्याचा प्रश्नच नाही. ‘कडाक्’ असा आवाज झाला. मला वाटलं फ्रेम तडकली. कप फिरला होता.

खोललेल्या नळीचे आटे तारेच्या ब्रशने आणि डिझेलने साफ केले. शाबूत आहेत. एक्केचाळीस वर्षांच्या फ्रेमचे आटे शाबूत असणं ही मोठीच गोष्ट.

5 ऑक्टोबर, शनिवार

पेठेतल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. एक्सल 140, दोन कप लॉकरिंगसह 150, छऱ्यांचं पाकीट 40, तीन सुताच्या कॉटर पिनांच्या दोन जोड्या 50.

इथेही चुकलो. जुना एक्सल घरी ठेवून लांबीचा आकडा तेवढा लिहून नेला. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवले तर एकूण लांबी सारखी, पण छऱ्यांच्या पट्ट्यांची जागा वेगळी. उजवीकडचं टोक नव्यात चार मिलिमीटर आखूड. तसंच बसवून पाहिलं तर चेनव्हील (चेन फिरवणारं पुढचं दातेरी चाक) मागच्या नळीला घासलं. एक्सलची दोन टोकं सारखी नसतात, चेनव्हीलच्या बाजूचं लांब असतं. किती लांब, ते सायकलीगणिक बदलतं. जुना भाग पिशवीत घालून न्यायचा, याला पर्याय नाही.

8 ऑक्टोबर, मंगळवार

कामावरून येताना बदलून आणला. वरचे 20 रुपये दिले. दुकानदाराने जुना एक्सल हातात घेऊन तीन नवे त्याच्याशेजारी लावले आणि चौथा दिला. बरोबर बसला.

9 ऑक्टोबर, बुधवार रात्र

जुळणी. आज काही ठोकायचं नव्हतं, त्यामुळे रात्री करता आलं.

उजवा कप आट्यांना ग्रीस लावून, खडूच्या बाणाच्या उलट दिशेने, पूर्ण घट्ट. याला जुळवाजुळव नसते, तो बसला की बसला. मग कपाच्या वाटीत बोटाने भरपूर ग्रीस आणि त्यात अकरा छरे. अकरा झाल्यावर थोडी फट उरते आणि अजून एक मावेल असं वाटतं. घालू नये. छऱ्यांना फिरायला ती जागा लागते.

एक गोष्ट मी जास्तीची केली. तेलाच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीचा पत्रा कापून त्याची सुरळी नळीच्या आत बसवली, दोन्ही कपांच्या मध्ये. सीटच्या नळीतून पडणारा गंज आता सुरळीवर पडेल, छऱ्यांत जाणार नाही. तेलाच्या भोकावर जुन्या ट्यूबचा पट्टा फ्रेमभोवती ताणून गुंडाळला.

एक्सलचं लांब टोक उजवीकडे. मग डावा कप, त्यातही ग्रीसमध्ये अकरा छरे चिकटवलेले. हाताने आवळत गेलो.

डावा कप किती आवळायचा, यात दीड तास गेला. जास्त आवळला तर एक्सल बोटांनी फिरवताना दळल्यासारखा लागतो. कमी आवळला तर हलतो. ढिलाई नुकती संपते तिथे थांबलो आणि लॉकरिंग लावली. लॉकरिंग आवळताना ती कपाला ओढून घेते, हे लक्षातच आलं नव्हतं. पुन्हा घट्ट. सातव्या वेळी जमलं: कप किंचित सैल ठेवायचा, कपावर आणि फ्रेमवर पेनाने एक सरळ रेघ मारायची, मग कप धरून लॉकरिंग आवळायची आणि रेघ जागेवर आहे का बघायचं. एक्सलला क्रँक तात्पुरती अडकवून पाहिलं तर बारीक ढिलाई जास्त कळते, कारण टोकाशी ती मोठी होऊन हाताला लागते.

शेवटी एक्सलचं टोक दोन बोटांत धरून फिरवलं. आवाज नाही, अडखळ नाही. अण्णांना बोलावलं. त्यांनीही फिरवून पाहिलं, परत फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “नवी घेतली तेव्हा अशी होती.”

11 ऑक्टोबर, शुक्रवार

कॉटर पिना. या दिवसा बसवल्या.

नवी पिन थेट बसत नाही. तिचा उतरता सपाट भाग एक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकला पाहिजे आणि आट्यांचं टोक नट बसेल एवढं बाहेर आलं पाहिजे. कमी आलं तर कानशीने सपाट भाग थोडा थोडा घासायचा. मी पहिल्या पिनेला हातात धरूनच कानस मारली, त्यामुळे सपाट भाग फुगीर झाला आणि पिन फक्त मधल्या रेघेवर टेकली. ती जोडी फुकट गेली, 25 रुपये देऊन आणखी एक आणली. यावेळी व्हाईसमध्ये धरून, दोन्ही पिनांना मोजून सारखेच हात मारले. घालून-काढून चमक कुठे आलीय ते बघितलं. पूर्ण भागावर चमक आली की ती बसली.

दोन्ही पिना एकाच दिशेने घातल्या तर क्रँक एका रेषेत येत नाहीत, एक थोडी पुढे झुकते. माझं पहिल्या वेळी तेच झालं. क्रँक आडव्या ठेवल्यावर एका बाजूचा नट वर आणि दुसऱ्या बाजूचा खाली आला पाहिजे. बदलल्यावर सरळ झाल्या.

पाइपाचा आधार देऊन ठोकून बसवल्या, मग नट. नटाने पिन ओढून बसवायची नाही, त्याचे आटे तेवढ्या जोराचे नसतात. पिन हातोडीने बसते, नट तिला नुसता धरून ठेवतो.

12 ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी आईने हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूचा हार. त्यानंतर अण्णा हॅरिस पुलापर्यंत जाऊन आले. मी मागून माझ्या सायकलवर. पुलाच्या चढावर मुद्दाम जवळ गेलो. चेनचा हलका सळसळाट आणि वाहनांचा आवाज, बाकी काही नाही. सोसायटीच्या फाटकातून आपटे घेऊन आलेल्या मुलांना अण्णा स्वतःहून सांगत होते, “आम्ही दोघांनी खोलली.”

13 ऑक्टोबर, रविवार

कालचे अठरा-एक किलोमीटर झाल्यावर पिना तपासल्या. डाव्या पिनेला पुन्हा एक घाव आणि नटाचा पाव फेरा लागला. उजवी जागेवर. नव्या पिनेने पहिल्या थोड्या वापरात बसून घेणं ठरलेलंच असतं. हे आवळणं राहून गेलं आणि तसंच चालवलं तर एक्सलची खाच गोल होते आणि मग नवा एक्सलही गेला.

27 ऑक्टोबर, रविवार

साधारण दीडशे किलोमीटर झाले. मध्ये परतीच्या पावसात दोनदा भिजली. आज दोन्ही क्रँक धरून हलवून पाहिल्या. पिना घट्ट, पण बारीकशी ढिलाई जाणवली, अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. नवे कप आणि छरे बसून घेताना एवढं होतं. लॉकरिंग सैल करून कप अगदी थोडा आवळला, रेघ नव्याने मारली. ट्यूबच्या पट्ट्याखाली कोरडं आहे.

खर्च: पायडल 180 (नको होतं), स्प्रे 160, दोन ड्रिल 90, बोल्ट-वॉशर 95, एक्सल 160, कप 150, छरे 40, पिनांच्या तीन जोड्या 75, ग्रीस 150, डिझेल 90, जाणं-येणं 120. एकूण 1310 रुपये. यातले सायकलमध्ये खरोखर गेलेले भाग 375 रुपयांचे. वेळ साधारण बावीस तास, त्यात उजव्या कपाचे आणि डाव्या पिनेचे मिळून दहा.

काढलेला उजवा कप टेबलावर ठेवलाय. पुढच्या वेळी मामांकडे जाताना दाखवायला न्यायचा आहे, त्यांनी मागितलाय. फेब्रुवारीत एकदा डावा कप खोलून ग्रीसचा रंग बघणार, काळं पडलं असेल तर पाणी अजून कुठून शिरतंय ते शोधावं लागेल.